खर्ड्यात सरकार पडलं

फौजदार आले तेव्हा मी रीळ उलटं गुंडाळत होतो. दाखवून झालेली फिल्म शेवटाकडून सुरुवातीकडे परत गुंडाळून ठेवावी लागते. ते विसरलं तर पुढच्या गावात पडद्यावरची माणसं खाली डोकं वर पाय करून मागे मागे चालायला लागतात आणि लोक ऑपरेटरच्या नावाने ओरडतात. कर्जतच्या डाक बंगल्याचा व्हरांडा होता, सकाळची वेळ होती आणि मी आपल्याच नादात हॅन्डल फिरवत होतो.

"शांतवन गायकवाड तुम्हीच?" फौजदारांनी विचारलं. त्यांच्या मागे दोन शिपाई उभे होते.

"हो, मीच."

"परवा खर्ड्यात काय बोललात?"

"फिल्मवर बोललो, साहेब. ड्यूटी आहे माझी."

"सरकार पडलं, असं बोललात?"

मी आठवून पाहिलं. बोललो होतो. अगदी याच शब्दांत, आणि तेही मायक्रोफोनवर.

"बोललो, पण साहेब..."

"पण-बिण नगरला. चला."

माझा हात तसाच फिरत राहिला. गुंडाळी सुटून फिल्म फरशीवर सांडायला लागली तरी मला पत्ता नाही. शेवटी आमचे ड्रायव्हर इस्माईलचाचा पुढे आले, त्यांनी माझं मनगट धरून हॅन्डल थांबवलं आणि हळूच म्हणाले, "मास्तर, आदी पानी प्या."

मी मूळचा भित्रा माणूस. शाळेत इन्स्पेक्टर यायचा म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा, आणि मी तर शिकवणारा मास्तर होतो. ते दिवस लढाईचे होते. बेचाळीसचं वादळ नुकतंच होऊन गेलं होतं. नगरच्या किल्ल्यात कोण ठेवलंय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि बोलायची कोणाची छाती नव्हती. डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स नावाचा एक कायदा होता. त्यात माणसाला उचलायला खटला लागत नसे, साक्षीदार लागत नसे, संशय पुरत असे. आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांना भिंतीवर काहीतरी लिहिल्याच्या संशयावरून नेलं होतं. त्यांची बायको विसापूरच्या जेलच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. माझी मार्था तेव्हा बेलापूर रोडला होती, आता ज्याला श्रीरामपूर म्हणतात तिथे. गाडीत शिपायाच्या शेजारी बसलो तेव्हा मला सारखी ड्रॉइंग मास्तरांची बायकोच दिसत होती. पण तोंड मार्थाचं.

आता हे सगळं झालं कसं ते सांगतो. त्यासाठी माझं काम काय होतं ते आधी समजलं पाहिजे.

सरकारने लढाईच्या प्रचारासाठी एक मोटर केली होती. मागे जनरेटर, आत सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, टपावर लाउडस्पीकरचा कर्णा. खेड्यात जायचं, बाजारतळावर किंवा देवळापुढे पांढरा पडदा ताणायचा आणि अंधार पडला की लढाईच्या फिल्मा फुकट दाखवायच्या. फिल्मला इंग्रजी आवाज असे. तो बंद ठेवून मी मायक्रोफोनवर मराठीत बोलायचं. या कामाला कॉमेंटेटर म्हणत. आवाज बरा, मिशनच्या शाळेत मराठी शिकवलेलं, आणि पाद्रीसाहेबांची शिफारस, एवढ्यावर मला ती नोकरी मिळाली होती.

एक दिवस मुंबईहून तीन रिळांची एक डॉक्युमेंटरी आली. डॉक्युमेंटरी म्हणजे गोष्टीचा सिनेमा नव्हे, खरं घडलेलं दाखवणारा. विषय रशिया. रशिया आता सरकारच्या बाजूने लढत होता, तेव्हा त्याचं कौतुक करायचा हुकूम होता. दुसऱ्या रिळात तिथली शेतं आणि कारखाने, तिसऱ्यात हिटलरशी लढाई. पण सुरुवात करायची म्हणजे रशिया असा कसा झाला ते आलंच. पहिल्या रिळात उपाशी माणसं, रांगा, बर्फात उभ्या बाया, मग हजारो लोक महालावर चालून जातात, दारं फोडतात आणि जुनं राज्य कोसळतं. मुंबईच्या कोणा साहेबाने ते रीळ आमच्याकडे पाठवण्याआधी पाहिलं होतं की नुसता शिक्का मारला होता, देव जाणे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आधी आनंदाने आला आणि लगेच भीतीने.

आमचे वरिष्ठ रावसाहेब सबनीस. पब्लिसिटी ऑफिसर. माणूस वाईट नव्हता. पेन्शन जवळ आली होती आणि ती हातात पडेपर्यंत जगात काहीही होऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. मुंबईहून आलेला मराठी तर्जुमा त्यांनी वाचला आणि पहिली लाल रेघ मारली ती 'क्रांती' या शब्दावर.

"हा शब्द आपल्या जिल्ह्यात नको."

"मग काय म्हणू, साहेब?"

"म्हणा, बदल."

"लोक महालाची दारं फोडताना दिसतात, साहेब."

"मग मोठा बदल म्हणा."

तर्जुम्यात तिथल्या राजाला 'झार' म्हटलं होतं. नगरजवळच्या एका खेड्यात मी तो शब्द वापरून पाहिला. बायका भजी तळायचा झारा समजल्या आणि झाऱ्याला एवढी माणसं का घाबरतात म्हणून हसत सुटल्या. तेव्हा 'झार' काढून मी 'राजा' म्हणायला लागलो. त्याला रावसाहेबांची हरकत नव्हती. राजा म्हटलं की सगळ्यांना समजायचं.

मग फिल्म नगर शहरात दाखवली आणि तिथे एका साप्ताहिकाचे संपादक येऊन बसले. बारीक अंगाचे, जाड भिंगाचा चष्मा, शेवटपर्यंत हलले नाहीत. खेळ संपल्यावर माझ्याजवळ आले. "चित्रपट उत्तम आहे हो," म्हणाले. "पण तुम्हाला एक शब्द फार जड जातोय. सारखे अडखळता तिथे." मी नुसता हसलो. 'मोठा बदल' म्हणताना जीभ अडायचीच, पण ते त्यांना कसं सांगणार?

त्यांनी परीक्षण छापलं. मला ते जवळजवळ पाठ आहे. चित्रपट प्रभावी आहे, छायाचित्रण अप्रतिम आहे, निवेदकाचा आवाज गोड आहे, आणि उपाशी प्रजेने राजाला हाकलून लावल्याचे कौतुक मायबाप सरकार स्वखर्चाने गावोगाव सांगत आहे, याबद्दल जिल्ह्यातर्फे सरकारचे अभिनंदन. सेन्सॉरला कापायला एक शब्द सापडला नाही. सगळी स्तुतीच होती.

माझ्या नोकरीत मला मिळालेलं ते पहिलं चांगलं परीक्षण, आणि ते वाचल्यावर मी अंक गादीखाली लपवून ठेवला. रावसाहेबांचं तर विचारू नका. त्यांनी मला घरी बोलावलं. दार लावून घेतलं.

"राजा! राजा म्हणालात तुम्ही!"

"तुम्हीच हो म्हणालात, साहेब."

"अहो, राजा म्हटला की आपला बादशहा डोळ्यांपुढे येतो. तिकिटावर त्याचाच फोटो, नोटेवर त्याचाच फोटो. राजाला हाकलला म्हणजे काय? आजपासून राजा बंद."

"मग कोण पडलं म्हणू?"

रावसाहेबांनी माझा कागद पुढे ओढला. "म्हणा, तिथलं जुनं सरकार पडलं. सरकार हा शब्द कसा, कोणा एका माणसावर येत नाही." त्यांनी माझ्या कागदावर तशी दुरुस्ती केली आणि मी ती पाठ करून टाकली. कागद त्यांनी फाइलला लावायचा म्हणून ठेवून घेतला. तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

अशा रीतीने झारचा राजा झाला, राजाचं सरकार झालं आणि आम्ही खर्ड्याला पोचलो.

खर्डा जामखेड तालुक्यात, निजामाच्या हद्दीला लागून. भुईकोटापुढच्या मोकळ्या मैदानात पडदा ताणला. गावचा दवंडीवाला सखाराम आला. वयाने माझ्या वडिलांएवढा, खांद्याला हलगी. माझे आजोबा मिशनमध्ये येण्यापूर्वी गावकीचं हेच काम करत, म्हणून मी अशा माणसांना तात्या म्हणत असे. फौजदार आणि पाटील सख्या म्हणत.

दवंडीची आमची एक पद्धत होती, आणि ती रावसाहेबांच्याच डोक्यातून निघालेली. सगळ्या वाड्यावस्त्यांवरचे लोक काही खेळाला येऊ शकत नाहीत. तेव्हा गाडी पुढच्या गावाला गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडीवाल्याने गाडीने सांगितलेली मुख्य बातमी गावात आणि वस्त्यांवर फिरून सांगायची. एका खर्चात दोनदा प्रचार. वरून शाबासकी मिळाली होती त्यांना या योजनेबद्दल.

"तात्या, नीट ऐका बरं का," मी म्हटलं. "उद्या सांगायचंय."

"व्हय मास्तर. ऐकतो की. आमचं कामच त्ये."

तो कर्ण्याच्या अगदी खाली जाऊन बसला.

खेळ सुरू झाला. वारा सुटला होता, पडदा शिडासारखा फुगत होता. लोक गप्प बसून बघत होते. रांगा आल्या, उपाशी पोरं आली. "आपल्यावानीच हायेत की रं," कोणीतरी म्हणालं. मग लोकांचा लोंढा महालाच्या दारातून आत घुसला आणि मी बोललो, "आणि अखेर लोकांनी एकजूट केली. तिथलं जुनं सरकार पडलं. होय, सरकार पडलं!" दुसऱ्यांदा म्हणायचं ते जोर यावा म्हणून. माझीच हौस.

तिथे पहिलं रीळ संपतं. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत पडदा रिकामा राहायचा. मी दुसरं रीळ चढवत होतो तेवढ्यात जनरेटर खोकला, दोन आचके दिले आणि बंद पडला. पेट्रोलचं रेशनिंग होतं, रॉकेल मिसळलेलं पेट्रोल मिळायचं. इस्माईलचाचांनी खूप खटपट केली. लोकांनी वाट पाहिली आणि घरी गेले. रशियाची शेतं राहिली, हिटलर राहिला, आपण सगळे दोस्त राष्ट्रं आहोत हेही राहिलं. उजाडताच आम्ही दुरुस्तीसाठी कर्जतचा रस्ता धरला.

आणि सकाळी सखारामने हलगी वाजवली.

"ऐका हो ऐका! सरकार पडलं हो! लोकांनी येकजूट करून सरकार पाडलं हो! सरकारी गाडीनं सांगितलंय हो! गायकवाड मास्तरांनी सांगितलंय हो!"

त्या दिवशी खर्ड्याहून लेव्हीच्या गाड्या निघायच्या होत्या. लेव्ही म्हणजे प्रत्येकाने ठरवून दिलेलं धान्य सरकारला घालायचं. ज्वारी भरलेल्या बैलगाड्या गावच्या शिवेपर्यंत गेल्या होत्या, त्या माघारी फिरल्या आणि ज्वारी ज्याची त्याच्या घरात उतरली. सरकारच नाही तर लेव्ही कोणाला घालायची? तलाठी मागच्या दाराने बाहेर पडला तो थेट जामखेडला. दोन प्रहरी पोलीस आले. ज्वारी परत बाहेर निघाली आणि सखारामला धरलं.

हे मला नगरच्या पोलीस कचेरीत कळलं, कारण मला जिथे बसवलं तिथेच सखाराम बसला होता. त्याचा डावा कान सुजून लाल झाला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "म्या येक बी शबुद पदरचा घातला न्हाई."

"माहीत आहे मला, तात्या."

"हलगी घेतली त्येंनी. चामडं नवं हुतं. उनात ठिवली तर तडकंल."

हा माणूस हलगीची काळजी करत होता आणि मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसत होतं.

संध्याकाळी रावसाहेब आले. मला बाजूला घेतलं.

"गायकवाड, उद्या कलेक्टर साहेब स्वतः फिल्म बघणार आहेत. पोलीस साहेबही असतील. खर्ड्यात जे बोललात ते तुम्ही त्यांच्यापुढे बोलून दाखवायचं. तिथे म्हणा, झार पडला."

"पण मी सरकार म्हणालो, साहेब. तुम्हीच..."

"मुंबईच्या तर्जुम्यात झार आहे. तोच खरा मजकूर. तुम्ही झार म्हणालात, त्या अडाणी माणसाने सरकार ऐकलं. संपलं."

"मग त्याचं काय होईल?"

"अफवा पसरवल्याबद्दल जाईल विसापूरला. सुटेल काही महिन्यांनी." मग अगदी हळू म्हणाले, "आणि तुम्ही सरकार म्हणालात तर तुम्ही जाल. मग ते मला विचारतील. तुमची बायको आहे, माझ्या तीन मुली आहेत. विचार करा."

मी विचार केला. विचार कसला, मी मनाशी झार, झार म्हणत बसलो. शेजारी सखाराम भिंतीला टेकून डुलक्या घेत होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या मोठ्या खोलीत दिवसाच खेळ लावला. खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला. बाहेर इस्माईलचाचांनी जनरेटर चालू केला. तो बंद पडावा म्हणून मी प्रार्थना केली, पण आज त्याला चांगलं पेट्रोल मिळालं होतं. पुढे दोन खुर्च्या, कलेक्टर आणि पोलीस साहेब, दोघेही गोरे. मागे रावसाहेब. दाराशी दोन शिपायांच्या मध्ये सखाराम.

कलेक्टर साहेब मराठीची परीक्षा पास झालेले होते. शब्द तोलून तोलून बोलत.

"तुम्ही तिकडे बोलला तसेच इकडे बोला. एक शब्द कमी नाही. एक शब्द जास्ती नाही."

"येस सर."

मी दिवा लावला, फिल्म सुरू केली, मायक्रोफोन तोंडाशी धरला. एवढ्या लहान खोलीत मायक्रोफोनची आणि टपावरून उतरवून आणलेल्या कर्ण्याची गरज नव्हती, पण तसेच म्हणजे तसेच. माझा आवाज मलाच परका वाटत होता. रांगा गेल्या. बर्फ गेला. मी झार म्हणायचं ठरवलं होतं. अगदी पक्कं ठरवलं होतं. लोक महालाकडे पळायला लागले, पडद्यावर बर्फाचा पांढरा उजेड वाढला आणि तो दाराशी उभ्या सखारामच्या तोंडावर पडला.

त्याने मान वाकडी केली होती आणि चांगला कान कर्ण्याकडे धरला होता. तो मला वाचवायला ऐकत नव्हता, स्वतःला वाचवायलाही नाही. उद्या सांगायचं असल्यासारखा ऐकत होता. माझं बोलणं खरं असणार यात त्याला शंकाच नव्हती. त्या माणसाच्या तोंडाकडे बघत माझ्याने झार म्हणवेना. मी शूर झालो नव्हतो.

"तिथलं जुनं सरकार पडलं," मी म्हणालो. "होय, सरकार पडलं."

"व्हय," दाराशी सखाराम मोठ्याने म्हणाला. "ह्येच. आस्संच म्हनलं हुतं मास्तर."

रीळ संपलं. प्रोजेक्टरवर फिल्मचं शेपूट फटफट आपटत राहिलं.

"घोंगडी काढा," कलेक्टर म्हणाले. उजेड आला. त्यांनी खुर्ची फिरवली आणि सखारामला जवळ बोलावलं.

"कोणाचे सरकार पडले?"

"सरकार, सायेब."

"कोणते सरकार?"

सखाराम गोंधळला. त्याने माझ्याकडे बघितलं, रावसाहेबांकडे बघितलं. "कोंतं म्हंजी? सरकार येकच हाय की, सायेब. तुमी."

"दुसऱ्या देशाचे सरकार असते. माहीत नाही?"

"तिकडं निजाम हाय. त्याला आमी निजाम म्हनतो. सरकार म्हंजी तुमी."

पोलीस साहेब इंग्रजीत काहीतरी तापून बोलले. हा माणूस थट्टा करतोय असं त्यांचं म्हणणं असावं. कलेक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सरकार पडले, असे ऐकून तुला काय वाटले?"

मी डोळे मिटून घेतले. आता हा काय बोलेल त्यावर सगळं होतं. त्याचंही आणि माझंही.

"मला काय वाटायचं, सायेब?" सखाराम म्हणाला. "मला वाटाया ठिवल्यालं न्हाई. सांगाया ठिवल्यालं हाय."

मग कलेक्टर रावसाहेबांकडे वळले. त्यांच्या हातात ते साप्ताहिक होतं.

"इकडे राजा लिहिले आहे. खर्ड्याला सरकार झाले. हा बदल कोणी केला?"

आता रावसाहेब माझ्याकडे बोट दाखवणार. कागद त्यांच्याकडे. माझा शब्द कोण धरणार होतं?

रावसाहेब उठून उभे राहिले. "मी, सर," ते म्हणाले. "पेपरात तसं आलं, म्हणून मी घाबरलो, सर."

त्यांनी असं का केलं ते मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. सखारामचं उत्तर त्यांनीही ऐकलं होतं, एवढंच मी सांगू शकतो.

कलेक्टरांनी साप्ताहिकाची घडी घातली. "हे म्हणतात फिल्म चांगली आहे," ते म्हणाले. "मला पण वाटते फिल्म फार चांगली आहे. म्हणून पहिले रीळ खेड्यात दाखवू नका."

तेवढ्यावर सुटलो. त्या वर्षी तेवढ्यावर सुटणं ही लहान गोष्ट नव्हती. सखारामला सोडलं आणि हलगी परत मिळाली. रावसाहेबांना वरून ताशेरा आला, पण पेन्शन वाचली. पहिलं रीळ डब्यात घालून, लाख लावून मुंबईला रवाना झालं. माझ्याकडून मायक्रोफोन काढून घेतला. आता दुसऱ्या रिळापासून फिल्म सुरू व्हायची आणि मागे शहनाईची रेकॉर्ड वाजायची. लोक विचारायचे, या लोकांना एवढी मोठमोठी शेतं कोणी दिली? मी म्हणायचो, मला बोलायची परवानगी नाही. संपादकांनी पुन्हा परीक्षण लिहिलं. चित्रपट आता सुरुवातीशिवाय दाखवतात, त्यामुळे तो समजत नाही, पण त्याची प्रकृती उत्तम आहे.

सखारामला मोटर स्टँडवर पोचवायला मीच गेलो होतो. सुटल्याच्याच दिवशी. जामखेडची सर्व्हिस मोटर भरत होती. त्याने हलगी छातीशी धरली होती, बोटाने चामडं चाचपून पाहत होता. तडकलं नव्हतं.

"मास्तर, येक इचारू का?" तो म्हणाला. "तितं सायबापुढं इचारता येईना."

"विचारा की, तात्या."

तो माझ्या अगदी जवळ आला. "मंग पडलं का न्हाई?"

मी इकडेतिकडे पाहिलं. स्टँडच्या कोपऱ्यावर एक पोलीस पान खात उभा होता. नुसतं नाही म्हणायचं आणि घरी जायचं, एवढं सोपं काम होतं.

"अजून नाही," मी म्हणालो.

सखारामने मान हलवली. मोटरीच्या पायरीवर चढला, आत बसला. खिडकीतून मला त्याचे ओठ हलताना दिसले. अजून न्हाई. अजून न्हाई. तो पाठ करत होता.

"तात्या!" मी ओरडलो. "तात्या, हे सांगायचं नाही!"

मोटर सुटली होती. मी थोडा वेळ तिच्या मागे पळालो. पोलीस माझ्याकडे बघायला लागला तसा थांबलो.

त्यानंतर कित्येक दिवस खाकी कपड्यातला माणूस दाराशी दिसला की मी आधी मार्थाला पुढे पाठवायचो. पण कोणी आलं नाही. खर्ड्यात दवंडी पडली की नाही तेही मला कळलं नाही. पुढे मी पुष्कळ वर्षं सरकारी निवेदनं लिहिली, दुसऱ्यांची तपासली. नवीन पोरं विचारायची, सर, कोणता शब्द सुरक्षित? मी सांगायचो, शब्द नंतर बघू, आधी कर्ण्याखाली कोण बसलंय ते बघून या.